दुसऱ्या भागातले हसू आणि घरातली माणसे

एखादा विनोदी चित्रपट गाजला आणि काही वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला, की घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो: सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखा आहे ना? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच शंका असतात. संवादांत शिव्या किंवा चावटपणा किती आहे, आणि आजी-आजोबांच्या शेजारी बसून पाहताना अवघडल्यासारखे होईल असे एखादे दृश्य आहे का. आमच्या घरात अजून तीन पिढ्या एकत्र बसून चित्रपट पाहतात आणि कोणता लावायचा हे ठरवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. या वर्षांत माझे मत असे बनले आहे की त्या दोन शंका रास्त असल्या तरी अपुऱ्या आहेत. विनोदी चित्रपट, आणि त्यातही त्याचा दुसरा भाग, आपल्याला कोणाकडे पाहून हसायला लावतो हे आधी तपासले पाहिजे, कारण ज्याच्यावर हसायचे तसा माणूस पुष्कळदा त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर बसलेला असतो.

प्रमाणपत्राची मदत होते, पण ती एका मर्यादेपर्यंतच. 1952 च्या चलच्चित्र कायद्याखाली आधी सर्वांसाठीचे ‘यू’ आणि प्रौढांसाठीचे ‘ए’ अशी विभागणी होती, 1983 पासून त्यांत पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या ‘यूए’ची आणि विशिष्ट व्यावसायिकांसाठीच्या ‘एस’ची भर पडली, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चेही 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन टप्पे झाले. हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो, कारण आठ वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाला एकाच तराजूत तोलणे पालकांना कधीच पटत नव्हते. तरीही ही सगळी व्यवस्था वयाभोवती उभी आहे आणि तिची काळजी मुलांपुरती आहे. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेला, किंवा वजनावरून शाळेत चिडवल्या जाणाऱ्या भाचीला त्या चित्रपटात आपली थट्टा दिसेल का, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते.

खरे तर हे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हीन प्रवृत्तीला चिथावणाऱ्या द्वयर्थी शब्दांबरोबरच अपंग व्यक्तींची टिंगल करणाऱ्या दृश्यांचाही उल्लेख आहे. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी विनोदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना याच मुद्द्याचा सविस्तर विचार केला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अपंग माणसाला हिणवणारा विनोद आणि अपंगत्वाबद्दलच्या रूढ समजुतींनाच आव्हान देणारा विनोद यांत फरक केला. अपंगत्वाच्या संदर्भात केलेला हा भेद मला घरातल्या पडद्यासमोर बसताना सगळ्याच विनोदाला लावावासा वाटतो. म्हातारपण, गरिबी, गावाकडची बोली, सावळा रंग, अविवाहित राहिलेली आत्या या प्रत्येकाबद्दल हसवण्याच्या दोन तऱ्हा असतात, आणि त्यांतली कोणती तऱ्हा दिग्दर्शकाने निवडली यावर तो चित्रपट घरात लावायचा की नाही हे मी ठरवते.

दुसऱ्या भागाच्या बाबतीत ही तपासणी अधिक बारकाईने करावी लागते, याला कारण आहे. पहिला भाग करताना लेखक-दिग्दर्शकाला पात्रे नवी असतात, त्यांना प्रसंगात उभे करावे लागते आणि हसू त्या प्रसंगातून येते. दुसऱ्या भागाच्या वेळी कोणत्या पात्राच्या कोणत्या लकबीवर चित्रपटगृह दणाणले होते हे सर्वांना ठाऊक झालेले असते, म्हणून ती लकब वाढवण्याचा मोह आवरणे अवघड जाते. लकब वाढत गेली की माणूस आकसत जातो आणि उरते ते सोंग. पहिल्या भागाच्या आठवणीवर विसंबून आपण मात्र आई-वडिलांना आणि मुलांना निःशंकपणे घेऊन जातो. पहिल्या भागावरचा हा विश्वास दुसऱ्या भागाने कमावलेला नसतो, तो त्याला आयता मिळतो, आणि म्हणून त्याची जबाबदारीही मोठी असते असे मला वाटते.

याची दोन अगदी वेगळी उदाहरणे 2006 या एकाच वर्षात पाहायला मिळाली. जूनमध्ये ‘फिर हेरा फेरी’ आला आणि सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. दोन्हींच्या मागे अत्यंत लाडकी पात्रे होती, दोन्हींची घरोघर वाट पाहिली गेली होती, आणि दोन्हींत वरवर पाहता कुटुंबाने टाळावे असे फारसे काही नव्हते.

2000 सालच्या पहिल्या ‘हेरा फेरी’त बाबूराव गणपतराव आपटे हा धोतर नेसणारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा मराठी गॅरेजवाला आहे, आणि त्याच्या आश्रयाला बेकारीने गांजलेले दोन तरुण आहेत. एक जण मृत वडिलांच्या जागी बँकेत नोकरी मिळावी म्हणून खेटे घालतो आणि दुसरा, राजू, आपल्या परिस्थितीबद्दल आईशी खोटे बोलतो. त्या चित्रपटात आपण खळखळून हसतो, पण त्या हसण्याखाली सतत एक कळवळा असतो, कारण थकलेले भाडे, उधारी आणि नोकरीसाठीची लाचारी ही आपल्या ओळखीची दुःखे आहेत. विशेष म्हणजे बँकेतल्या त्याच नोकरीवर हक्क सांगणारी अनुराधा हीसुद्धा तितकीच गरजू आहे, त्यामुळे कोणाच्या बाजूने उभे राहावे हे प्रेक्षकाला सहज ठरवता येत नाही. माझ्या वडिलांना तो चित्रपट फार आवडला. बाबूरावाच्या वेंधळेपणावर ते हसत, आणि तो त्या पोरांना हाकलून का देत नाही हेही त्यांना नेमके कळत असे.

दुसऱ्या भागात ही माणसे श्रीमंत झालेली आहेत, पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत फसून पुन्हा रस्त्यावर येतात आणि कर्ज चुकवण्यासाठी एकातून दुसऱ्या घोटाळ्यात सापडत जातात. दिग्दर्शक नीरज व्होरा यांचा वेग अफाट आहे, कलाकार तेच आहेत, आणि हसू येते हे मी नाकारणार नाही. मात्र राजूची आई आणि अनुराधा या दोघी आता कथेत नाहीत. पहिल्या भागात ज्यांच्यापुढे या पुरुषांना लाज वाटत असे त्या याच दोघी होत्या, त्या गेल्यावर लाजही गेली, आणि बाबूरावाचे बोलणे, चालणे, चष्मा सावरणे हेच विनोदाचे भांडवल झाले. हा चित्रपट मुलांबरोबर पाहू नये असे मी म्हणत नाही, आम्ही तो पाहिला आहे आणि मुले पोट धरून हसली आहेत. माझे निरीक्षण इतकेच की वडील त्या वेळी गप्प होते, आणि चित्रपट संपल्यावर पहिल्या भागाबद्दल जशी चर्चा झाली होती तशी या भागाबद्दल झाली नाही.

‘लगे रहो मुन्नाभाई’ने उलट वाट धरली. दिग्दर्शक राजकुमार हिरानींनी 2003 च्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ या पहिल्या भागातले मुन्ना हा गुंड आणि त्याचा साथीदार सर्किट एवढे दोघे ठेवले आणि बाकीची कथा जवळजवळ पूर्ण सोडून दिली. वैद्यकीय महाविद्यालय गेले, नायिका बदलली, आणि मुन्नाचे वडील झालेले सुनील दत्त तर मे 2005 मध्येच आपल्यातून गेले होते. घरातले वडीलधारे माणूस पडद्यावरून गेल्यावर दुसऱ्या भागात अनेकदा नुसता तरुणांचा धुडगूस उरतो. इथे मात्र ‘सेकंड इनिंग्ज’ नावाच्या घरात राहणारी म्हातारी मंडळी आली आणि मुन्नापुढे साक्षात बापू येऊन बसले. ते बापू दिलीप प्रभावळकरांनी साकारले आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा सन्मान त्यांना मिळाला, याचा आनंद आमच्या घरात आपल्याच नात्यातल्या कोणाला मिळाल्यासारखा झाला होता. मराठी रंगभूमीवर आणि दूरदर्शनवर त्यांना पाहत मोठ्या झालेल्या माझ्या आईला तर सुरुवातीची काही मिनिटे बापूंऐवजी प्रभावळकरच दिसत राहिले, आणि मग ते कधी दिसेनासे झाले हे तिला कळलेही नाही.

या चित्रपटात कुटुंबासमोर खटकावे असे काहीच नाही, असा दावा मी करणार नाही. गांधी जयंतीच्या प्रश्नमंजूषेची उत्तरे मिळवण्यासाठी सर्किट प्राध्यापकांना पळवून आणतो आणि ते दृश्य हसण्यासाठीच रचले आहे. मुन्ना नायिका जान्हवीशी प्राध्यापक असल्याचे खोटे बोलून तिच्या जवळ जातो. दारूचे प्रसंग आहेत, आणि मालमत्ता रिकाम्या करून देण्याचा धंदा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला यातले अपहरण गमतीचेच वाटते, आणि चित्रपट चालू असताना त्याला थांबवून उपदेश करण्यात अर्थ नसतो. पण हिरानी आणि त्यांचे सहलेखक अभिजात जोशी यांनी त्या खोटेपणाचा हिशोब प्रेक्षकावर सोडून दिलेला नाही, तो कथेतच चुकता केला आहे. मुन्नाला जान्हवीपुढे सत्य कबूल करावे लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते. रागाच्या भरात सर्किटला दुखावल्यावर त्याची माफी मागायला बापू सांगतात, आणि एरवी हाताने बोलणारा तो दांडगा माणूस आपल्या मित्रापुढे शब्दांसाठी अडखळतो. भावाभावांत अबोला धरण्याची सवय असलेल्या कुठल्याही घरात तो प्रसंग एकत्र पाहण्याचे मोल मी सांगायला नको.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निवृत्त शिक्षकाचा प्रसंग. हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी लाच मागणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हा वृद्ध माणूस आपल्याजवळचे सगळे एकेक करून काढून ठेवतो: चष्मा, बूट, आणि शेवटी अंगावरचे कपडेसुद्धा. कार्यालयात सगळे पाहत असतात. एखाद्या विनोदी चित्रपटात भरल्या कचेरीत म्हातारा माणूस कपडे उतरवतो, असे कोणी मला आधी नुसते सांगितले असते तर तो चित्रपट मी वडिलांबरोबर पाहिला नसता. प्रत्यक्षात चित्रपटगृहात हशा होता, पण तो त्या म्हाताऱ्यावर नव्हता. खुर्चीत बसलेला अधिकारी जसजसा ओशाळत होता तसतसा हशा वाढत होता. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांचे स्वतःचे कागद सुरळीत निघाले होते, पण त्यांच्या एका सहकाऱ्याला बराच काळ कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर वडीलही जात असत. त्या रात्री घरी परतताना त्यांनी त्या सहकाऱ्याबद्दल आम्हाला पहिल्यांदाच सविस्तर सांगितले. काय दाखवले यावरून चित्रपटाची पारख करणाऱ्या माझ्या सवयीला त्या प्रसंगाने कायमचे वळण लावले.

याच चित्रपटात आणखी एक धागा आहे, आणि मराठी घरांत तो अधिक जवळचा वाटतो. बिल्डर लकी सिंगची मुलगी मंगळी आहे आणि लग्न मोडू नये म्हणून बापाने तिच्या जन्मवेळेत फेरफार करून ते लपवले आहे. पत्रिकेतला मंगळ, जुळणारे आणि न जुळणारे गुण यांपायी ज्यांची लग्ने लांबली किंवा मोडली अशा मुली कोणत्या कुटुंबात नाहीत? ज्योतिषावर श्रद्धा असलेली थोर माणसे शेजारी बसलेली असताना हा विषय विनोदातून मांडणे जोखमीचे होते. पण चित्रपट श्रद्धाळू माणसांना मूर्ख ठरवून मोकळा होत नाही, तो त्या मुलीचे रडवेले तोंड आपल्याला पाहायला लावतो. माझ्या सासूबाई पत्रिका पाहणाऱ्यांतल्या आहेत. त्या रागावतील अशी मला धास्ती होती, पण त्यांनी लकी सिंगला दोष दिला. मुलीचे सत्य लपवून तिलाच अपराधी केले, असे त्या म्हणाल्या.

मराठीत या विषयाचा विचार करताना ‘नवरा माझा नवसाचा’ आठवल्याशिवाय राहत नाही. 2004 सालच्या या चित्रपटाची कल्पनाच मुळी अशी आहे की एका गृहस्थाने नग्न होऊन गणपतीपुळ्याला जावे असा नवस बोललेला आहे आणि त्याच्या बायकोला तो फेडायचा आहे. इतके ऐकून कोणताही दक्ष पालक दचकेल. पण सचिन पिळगांवकरांनी तो प्रवास एस.टी.च्या बसमध्ये बसवला, अशोक सराफांना वाहक केले, आणि नानाविध प्रवाशांच्या गोतावळ्यात त्या नवसातला चावटपणा विरून जाऊन त्याची जागा नवरा-बायकोच्या संकोचाने घेतली. सप्टेंबर 2024 मध्ये दुसरा भाग आला तेव्हा एस.टी.ऐवजी कोकण रेल्वे आली, अशोक सराफ तिकीट तपासनीस झाले, आणि दांपत्याबरोबर मुलगी व जावईही प्रवासाला निघाले. पहिला भाग पाहिला तेव्हा जी जोडपी तरुण होती त्यांचीही मुले आता लग्नाची झाली आहेत. प्रेक्षक आणि पात्रे असे बरोबरीने मोठे होणे ही मला दुसऱ्या भागाची सर्वांत चांगली शक्यता वाटते, कारण मग चित्रपटगृहातल्या प्रत्येक पिढीला पडद्यावर स्वतःच्या वयाचे माणूस सापडते.

हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’ने हीच शक्यता वेगळ्या रीतीने वापरली. 2021 च्या पहिल्या भागात वेगवेगळ्या वयाच्या बायका घर मागे ठेवून परदेशी सहलीला जातात. 2023 च्या दुसऱ्या भागात निर्मिती सावंत यांच्या पात्राबरोबर तिची सूनही येते, आणि ती भूमिका रिंकू राजगुरूने केली आहे. जे घर पहिल्या वेळी मागे ठेवले होते त्याचा एक तुकडा असा सहलीत शिरतो. सासू-सुनेच्या जोडीवर हसण्याची आपल्याकडे इतकी जुनी सवय आहे की त्या दोघींना एकत्र आणताच थट्टेला सोपा रस्ता मिळतो. मी हा चित्रपट सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिला. आम्ही दोघी एकाच ठिकाणी हसलो, असे प्रत्येक वेळी झाले नाही. पण कुठे हसलो नाही हे नंतर एकमेकींना सांगता आले, आणि एवढे मोकळेपण एखाद्या हलक्याफुलक्या चित्रपटाने दिले तर तो आमच्या घरासाठी योग्यच होता असे मी मानते.

लहान मुलांच्या भीतीचा मुद्दा इथे थोडक्यात मांडते. ‘झपाटलेला’ 1993 चा आणि त्याचा दुसरा भाग 2013 चा, तोही थ्रीडी. ज्या पालकांनी लहानपणी त्यातल्या तात्या विंचू या बाहुल्याला घाबरत हसून घेतले होते ते आपल्या मुलांना मोठ्या हौसेने घेऊन गेले. पण थ्रीडीत बाहुला अंगावर येतो तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला तो विनोद वाटत नाही. आपल्या आठवणीतला आनंद मुलाच्या वयाला पेलेलच असे नाही, आणि दुसरा भाग पाहायला नेताना ही गल्लत फार सहज होते.

हल्ली आमच्या घरात या पारखण्याची दिशाच बदलली आहे. पूर्वी मोठ्यांनी मुलांसाठी चित्रपट निवडायचा असे होते, आता माझी पंधरा वर्षांची मुलगी आमच्या आवडत्या जुन्या विनोदी चित्रपटांकडे निरखून पाहते आणि प्रश्न विचारते. त्या बाईच्या जाडेपणावर सगळे का हसत आहेत? नोकर तोतरा आहे यात गंमत कोणती? नायिकेने नाही म्हटल्यावरही तो तिच्या मागे जातो, आणि तुम्हाला ते गोड कसे वाटते? आम्ही ज्यांना संपूर्ण स्वच्छ, घरच्या सगळ्यांना चालणारे चित्रपट म्हणत आलो त्यांत एकही शिवी नाही आणि एकही अंगप्रदर्शनाचे दृश्य नाही, तरीही तिला अवघडल्यासारखे होते. सासूबाईंना प्रथम हे पटले नाही. त्या काळी असेच असायचे, हे त्यांचे उत्तर खरे होते, पण तेवढ्याने मुलीचे समाधान झाले नाही, आणि मला ते दोघींचेही म्हणणे महत्त्वाचे वाटले. मोठ्यांसमोर पाहायला लाज वाटते म्हणून चित्रपट बाजूला ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. लहानांसमोर पाहायला लाज वाटावी असेही काही असू शकते, याचा विचार मी तरी पूर्वी केला नव्हता.

म्हणून आता एखादा दुसरा भाग आला की मी तो आधी पाहिलेल्या मैत्रिणीला शिव्यांबद्दल विचारतेच, पण त्यानंतर लगेच विचारते की त्यात म्हातारी माणसे कशी दाखवली आहेत, गरीब माणूस कोणत्या कामासाठी कथेत आहे, आणि बायकोवरचे विनोद बायकोलाही हसू यावे असे आहेत का. मैत्रिणीला हे प्रश्न सुरुवातीला विचित्र वाटले, पण आता ती चित्रपट पाहून आल्यावर मी विचारण्याआधीच सांगू लागली आहे. तिच्या उत्तरानंतरही शंका उरली तर मी तो चित्रपट आधी एकटीने पाहते. आणि शंका नसतानाही सगळे एकत्र बसलेले असताना कोणी मध्येच गप्प झाले, तर हसत असतानासुद्धा माझे लक्ष त्या माणसाकडे जाते, आणि चित्रपट संपल्यावर जेवणाची पाने वाढताना मी पहिल्यांदा त्याला विचारते, तुला कसा वाटला?